तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत स्लॅब टाकावा का?

"थंडीत स्लॅब टाकू नये म्हणतात, मग तुम्ही कसा टाकलात?" नाशिकमध्ये प्लॉट घेऊन बसलेला जवळपास प्रत्येक जण मला हे विचारतो. खुशाल टाका. फक्त स्लॅबखालचे टेकू काढायची घाई कुणालाही करू देऊ नका.

आमच्या घराचं काम पाऊस उघडल्यावर सुरू झालं. मखमलाबादकडची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचंच होतं. तो अंदाजापेक्षा बराच खाली लागला आणि फरशीचे पैसे पाया भरण्यात गेले. गेले ते बरंच झालं, फरशी पुढेही बसवता येते. मग अवकाळीने खड्डे भरले. पाणी उपसलं, गाळ काढला, पुन्हा तळ धरला.

स्लॅब आला ऐन डिसेंबरात. त्या दिवसांत निफाडचा पारा पार उतरतो, शहरातही रात्री दहा अंशांच्या आसपास. गारठ्यात सिमेंट आणि पाण्याची क्रिया मंदावते. काँक्रीट वरून घट्ट दिसतं, पण ताकद उशिरा धरतं. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर आणखी उशिरा. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या स्लॅबचे) टेकू 7 दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांनी काढावेत असं आहे. पण तिथेच अट आहे: सिमेंट ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड हवं आणि तापमान 15 अंशांच्या खाली जायला नको. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. ठेकेदाराला स्लॅबखालच्या साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. इंजिनिअरने हो म्हणेपर्यंत मी एकही टेकू हलवू दिला नाही, जादा भाडं भरलं.

आणि पाणी! थंडीत लोक क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, ढिलं सोडतात, ऊन नाही ना म्हणून. पण इथला कोरडा वारा कॉलमला गुंडाळलेली गोणपाटं दुपारपर्यंत वाळवून टाकतो. आई रोज एकेक गोणपाट मुठीत दाबून बघायची. पाणी गळलं नाही की लगेच पाइप लावायची. स्लॅबवर पाणी साठवायला केलेल्या आळ्यांतलं पाणी सकाळी इतकं गार असायचं की बोटं बधिर व्हायची, तरी एकही आळं कोरडं पडू दिलं नाही.

तेव्हा ठेकेदाराशी बोलणी कराल तेव्हाच प्लेटा किती दिवस राहतील ते कागदावर घ्या, आणि त्या भाड्याचे पैसे आधीच बाजूला काढा.