4 एमबीपीएसची शाखा आणि तीन पातळ्यांचं क्यूओएस

ऑर्डर फॉर्मवर 4 एमबीपीएस लिहिलेलं असतं. प्रोव्हायडरचा माणूस येतो, एक वायर राउटरच्या गिगाबिट पोर्टात खोचतो, पिंग दाखवतो, सही घेतो आणि जातो. पण ही लाईन 4 एमबीपीएसची आहे हे राउटरला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याच्या हिशेबी ती 1000 एमबीपीएसची. मग तो बिनधास्त ढकलत राहतो आणि 4 च्या वरचं सगळं प्रोव्हायडरच्या टोकाला बसलेला पोलिसर टाकून देतो. टाकताना फोनचं पॅकेट कुठलं आणि विंडोज अपडेटचं कुठलं, हे तो बघत नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेचं नेटवर्क सांभाळते. 32 शाखा एमपीएलएसवर (प्रोव्हायडरच्या खासगी जाळ्यावर), प्रत्येकीला 4 एमबीपीएस, मुख्य कार्यालयाला 50. क्यूओएस (कुठलं ट्रॅफिक आधी सोडायचं ते ठरवणं) आमच्याकडे आधीही होतं, पण ते नव्याने मांडायची वेळ आणली चेकने. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने सीटीएसचं, म्हणजे चेक प्रतिमांवरून वटवण्याच्या व्यवस्थेचं, क्लिअरिंग सलग केलं. पूर्वी शाखेत दिवसभराचे चेक गोळा व्हायचे आणि गठ्ठा एकदम स्कॅन होऊन जायचा. आता कामाच्या वेळेत चेक आला की स्कॅन करा आणि पाठवा. एका चेकच्या प्रतिमा तीन: पुढची बाजू ग्रेस्केलमध्ये, तीच पुन्हा काळीपांढरी, आणि मागची बाजू काळीपांढरी. एकूण डेटा तेवढाच, पण तो आता नेमका काउंटरवर गर्दी असते तेव्हा निघतो. गडहिंग्लजहून फोन आला, "मॅडम, पासबुक प्रिंटला लावलं की चहा पिऊन येता येतंय." तो फोनसुद्धा मध्येमध्ये तुटत होता, कारण आमचे फोनही त्याच लाईनवर आहेत.

लाईन वाढवा, हा सल्ला सगळेच देतात. 32 शाखांचं वार्षिक भाडं बघितलं की सल्ला देणारे गप्प होतात. शिवाय 4 चे 8 केले तरी पोलिसर तसाच डोळे मिटून टाकणार, फक्त थोडा उशिरा.

शाखेच्या राउटरवर दोन पातळ्या पुरतात. वरची पॉलिसी, म्हणजे पेरेंट, एकच काम करते: क्लास-डीफॉल्टवर (म्हणजे वेगळं न काढलेल्या सगळ्या ट्रॅफिकवर) शेप ॲव्हरेज लावून सगळं मिळून 3.8 एमबीपीएसच्या वर जाऊ देत नाही. तिच्या पोटात सर्व्हिस-पॉलिसी म्हणून चाइल्ड, आणि तिच्यात आवाज, सीबीएस (बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर), चेक, बाकीचं अशी वाटणी. नुसती चाइल्ड थेट गिगाबिट पोर्टवर लावलेली मी बऱ्याच ठिकाणी बघते. राउटर ती आनंदाने स्वीकारतो, शो कमांडमध्ये ती छान दिसते, ऑडिटरच्या 'क्यूओएस आहे का' या रकान्यात 'होय' लिहिता येतं, आणि उपयोग शून्य. कारण क्यू, म्हणजे रांग, भरते ती पोर्ट तुंबल्यावर, आणि 4 एमबीपीएसच्या ट्रॅफिकने गिगाबिट पोर्ट कधीच तुंबत नाही. पेरेंटचा शेपर जादा पॅकेटं फेकण्याऐवजी रांगेत थांबवतो, म्हणजे मुद्दाम ती कोंडी आपल्या राउटरात आणतो. साखर कारखान्यासारखंच आहे हे: उसाच्या गाड्या ज्याच्या यार्डात थांबतात, नंबर लावणारा तो.

3.8 का, पूर्ण 4 का नाही? माप वेगळं म्हणून. आमचा राउटर शेपिंग करताना आयपी पॅकेटवर 14 बाइटचं इथरनेट हेडर धरतो. प्रोव्हायडरचं यंत्र कदाचित 4 बाइटचा सीआरसी, प्रिअँबल आणि दोन फ्रेममधली मोकळी जागाही धरत असेल, म्हणजे आणखी 24 बाइट. 1500 बाइटच्या पॅकेटला हा फरक दीड टक्क्याचा, 1514 विरुद्ध 1538. पण फोनचं पॅकेट 200 बाइटचं असतं. तिथे 214 विरुद्ध 238, म्हणजे 11 टक्के. आमच्या शाखेत दोन्हींची मिसळ असते, त्यामुळे 5 टक्के सोडून दिले की पोलिसर आपल्याला हात लावत नाही. सगळं ट्रॅफिक आवाजाचंच असलेल्या कॉल सेंटरमध्ये मी एवढ्यावर थांबले नसते. तिथे ओव्हरहेड अकाउंटिंग (हे वरचे बाइट हिशेबात धरायची सेटिंग) नीट मोजून लावायला हवं. बर्स्टही, म्हणजे एका ठोक्याला किती सोडायचं तेही, मी हाताने देते, 38000 बिट, म्हणजे शेपरचा ठोका 10 मिलिसेकंदांचा पडतो. हे जुन्या आयओएसवर (सिस्कोच्या राउटरच्या सॉफ्टवेअरवर) महत्त्वाचं. नव्या काही हार्डवेअरवर हा आकडा फारसा कुणी विचारत नाही.

इथवर सोपं. खरी गंमत मुख्य कार्यालयाच्या टोकाला आहे.

समजा तिथेही दोनच पातळ्या केल्या: 50 ची लाईन म्हणून 47.5 चा शेपर आणि पोटात वाटणी. आता सकाळी अँटिव्हायरसच्या सर्व्हरने आजरा शाखेतल्या संगणकांना अपडेट ढकलायला सुरुवात केली. मुख्य कार्यालयाचा राउटर म्हणतो, एकूण ट्रॅफिक 20 आहे, 47.5 पर्यंत वाव आहे, जाऊ दे. आजऱ्याच्या दाराशी मात्र 4 च आहे. तिथे पुन्हा पोलिसर, पुन्हा फोनची पॅकेटं मातीत. शाखेचा राउटर काही करू शकत नाही, कारण जे पोचलंच नाही त्याची रांग तो कशी लावणार? शाखेत येणारं ट्रॅफिक सांभाळायचं असेल तर ते मुख्य कार्यालयातून निघतानाच सांभाळावं लागतं.

म्हणून तिथे तीन पातळ्या. सगळ्यात वर क्लास-डीफॉल्ट, 47.5 एमबीपीएस. मध्ये 32 क्लास, प्रत्येक शाखेच्या सबनेटची (आयपी पत्त्यांच्या गटाची) ॲक्सेस-लिस्ट जुळवून, प्रत्येकाला 3.8 चा शेपर. आणि प्रत्येक शाखेच्या क्लासच्या पोटात तीच चाइल्ड पॉलिसी. चाइल्ड एकदाच लिहायची, 32 ठिकाणी तिचं नाव द्यायचं. मधल्या पातळीचा मजकूर मी एक्सेलमध्ये कॉन्कॅटेनेटने तयार केला. नेटवर्कवाल्याला एक्सेलसारखं हत्यार नाही, कुणी काहीही ऑटोमेशन शिकवो. जुन्या राउटरवर व्हीलॅनच्या सब-इंटरफेसवर (एकाच पोर्टाच्या कागदोपत्री भागावर) नुसती क्यूइंगची पॉलिसी, म्हणजे सीबीडब्ल्यूएफक्यू, लावायला गेलात तर तो 'सीबीडब्ल्यूएफक्यू सब-इंटरफेसवर चालत नाही' असं तोंडावर सांगतो. सब-इंटरफेसला स्वतःची क्यू नसते, शेपर दिला की ती तयार होते.

आता 32 गुणिले 4 म्हणजे 128, आणि लाईन 50 ची. सगळ्या शाखांनी एकदम पूर्ण मागितलं तर देता येणार नाही. तेव्हा कुणाला किती, हे मधल्या पातळीवर बँडविड्थ रिमेनिंग रेशोने (उरलेली लाईन वाटायच्या प्रमाणाने) ठरतं. मी मोठ्या चार शाखांना 2 आणि बाकीच्यांना 1 दिला. यापेक्षा बारीक वाटणी करण्यात अर्थ नाही, भांडणं तेवढी वाढतात.

आवाजाचं मात्र इथे काळजीने बघावं लागतं. आयओएस एक्सईमध्ये चाइल्डमधल्या प्रायॉरिटी क्यूतलं पॅकेट वरच्या पातळ्यांवरही प्रायॉरिटीचं म्हणूनच चढतं. म्हणजे चंदगडचा फोन गारगोटीच्या डेटाच्याही पुढे जातो. हवंय तेच, पण मर्यादा नसेल तर हीच सवलत बाकी सगळ्यांना उपाशी मारते. हिशेब असा: जी.711 या आवाजाच्या कोडिंगचा एक कॉल, दर 20 मिलिसेकंदांना एक पॅकेट, सेकंदाला 50. आत 160 बाइट आवाज, वर 40 बाइट आयपी, यूडीपी, आरटीपीचे. 80 केबीपीएस झाले. इथरनेटचे 18 बाइट (हेडरचे 14, सीआरसीचे 4) धरले की 87.2. शाखेत एका वेळी पाच कॉल पुरेसे, ते 436 होतात, म्हणून मी प्रायॉरिटी 512 केबीपीएस दिली. 32 शाखांचे मिळून 16.4 एमबीपीएस, 47.5 च्या एकतृतीयांशाच्या जरा वर. प्रायॉरिटी 33 टक्क्यांच्या आत ठेवा, हा सिस्कोचा जुना सल्ला. सगळ्या शाखा एकदम पाच-पाच फोनवर असण्याचा दिवस उजाडला तर लाईनपेक्षा मोठी काळजी काहीतरी असेल, म्हणून मी तो जरासा मोडला. आवाज जास्त दाबणारं जी.729 वापरलं असतं तर कॉल 24 केबीपीएसवर आला असता, पण कानाला फरक कळतो.

नुसतं प्रायॉरिटी 512 लिहिलं तर मर्यादा कोंडी झाल्यावरच लागू होते. एरवी जास्तही जाऊ देतो. क्लासमध्ये वेगळा पोलिस लिहिला तर मर्यादा कायमची. पहिलं मला पसंत आहे.

चाइल्डमधली बाकीची वाटणी: प्रायॉरिटी वजा जाता उरलेल्यातले 50 टक्के सीबीएसला, 5 फोनच्या सिग्नलिंगला, 20 चेकच्या प्रतिमांना, 25 इतर सगळ्याला. हे टक्के म्हणजे किमान हमी आहे, कमाल मर्यादा नाही. हे मला दरवेळी समजावून सांगावं लागतं. दुपारी काउंटर शांत असेल तर चेकच्या प्रतिमा सगळी लाईन वापरतात, कुणी अडवत नाही.

हे टक्के ठरवायची बैठक कॉन्फिगरेशनपेक्षा जास्त लांबली. क्लिअरिंगचे साहेब म्हणाले, चेक सगळ्यात वर, वेळेत गेला नाही तर उत्तर आम्हाला द्यावं लागतं. ऑडिट म्हणालं, आमचे रिपोर्ट. सुरक्षा अधिकाऱ्यांना शाखेचे चारही कॅमेरे कोल्हापुरात बसून लाइव्ह बघायचे होते. मी एकच प्रश्न फिरवला: तुमचं काम दहा सेकंद उशिरा झालं तर कोण ओरडेल? फोनवर बोलणारा लगेच ओरडतो. काउंटरसमोर उभा असलेला खातेदार ओरडतो. चेकच्या प्रतिमेला दहा सेकंदांनी काही होत नाही, फक्त ती अडकून पडता कामा नये. तिला हमी हवी, प्रायॉरिटी नको. कॅमेऱ्यांना सब-स्ट्रीमवर (हलक्या, कमी दर्जाच्या चित्रावर) टाकलं आणि इतरांत बसवलं. सुरक्षा अधिकारी थोडे नाराज आहेत.

मग मार्किंग. वर सांगितलेली सगळी वाटणी डीएससीपीवर, म्हणजे पॅकेटच्या हेडरमधल्या वर्गाच्या आकड्यावर, चालते: आवाज ईएफ म्हणजे 46, सीबीएस एएफ31 म्हणजे 26. काही शाखांत शो पॉलिसी-मॅप इंटरफेस बघितलं तर आवाजाच्या क्लासमध्ये शून्य पॅकेटं, सगळं क्लास-डीफॉल्टमध्ये. फोन तर ईएफ लावूनच पाठवत होता. दोषी मधला सिस्कोचा 2960 स्विच. त्याच्यावर एमएलएस क्यूओएस चालू केलं आणि पोर्टला ट्रस्ट (आलेलं मार्किंग खरं मानायची परवानगी) दिला नाही, तर तो येणारं मार्किंग पुसून शून्य करतो. क्यूओएस बंद असतं तर त्याने हात लावला नसता. त्या शाखांत कुणीतरी चांगल्या हेतूने अर्धवट चालू करून ठेवलं होतं. फोनच्या पोर्टांना आणि राउटरकडे जाणाऱ्या पोर्टाला ट्रस्ट डीएससीपी दिलं आणि आकडे हलायला लागले. संगणकांच्या पोर्टांना ट्रस्ट देऊ नका. सीबीएसचं मार्किंग राउटरच्या लॅन बाजूला सर्व्हरच्या आयपीवरून करा.

प्रोव्हायडरलाही हे मार्किंग लागतं. 32 शाखांकडून मुख्य कार्यालयाकडे येणारं ट्रॅफिक 50 वर आदळतं ते त्यांच्या टोकाला, तिथे माझा राउटर काही करू शकत नाही. त्यांच्याशी क्लासचा करार असेल तरच तिथे रांग लागते. एमपीएलएसच्या लेबलमध्ये यासाठी तीनच बिट आहेत, त्यामुळे डीएससीपीचे पहिले तीन बिट तेवढे पुढे जातात: 46 चा 5 होतो, 26 चा 3. तुमचे दोन क्लास या तीन बिटांत एकच निघत असतील तर आत ते एकाच रांगेत जातील. करार करताना हा तक्ता मागून घ्या, विक्रीवाल्याकडे नसतो, त्यांच्या इंजिनिअरकडे असतो.

क्यू-लिमिटबद्दल, म्हणजे रांगेच्या लांबीबद्दल, एक. ड्रॉप दिसले की क्यू वाढवायचा मोह होतो. 64 पॅकेटांची क्यू 1500 बाइटच्या पॅकेटांनी भरली तर 768000 बिट होतात, 4 एमबीपीएसने ती रिकामी व्हायला 192 मिलिसेकंद लागतात. त्या क्लासला लाईनचा चौथा हिस्साच मिळत असेल तर पाऊण सेकंद. संभाषणासाठी आयटीयूच्या जी.114 ची मर्यादा एका बाजूने 150 मिलिसेकंदांची आहे. आवाज वेगळ्या रांगेत असल्याने वाचतो, पण सीबीएसचा स्क्रीन पाऊण सेकंद ताटकळतो. इतरांच्या क्लासमध्ये ड्रॉप दिसणं चांगलं लक्षण आहे. तिथे फेअर-क्यू (प्रत्येक प्रवाहाला सारखा वाटा) लावून मी आकडा तसाच ठेवलाय.

तीन शाखांना एमपीएलएसची बॅकअप म्हणून ब्रॉडबँडवर डीएमव्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारे एनक्रिप्टेड टनेल) आहे. तिथे मधली पातळी हाताने लिहायची गरज नाही: शाखेचा राउटर एनएचआरपीतून (टनेलचे पत्ते कळवणाऱ्या प्रोटोकॉलमधून) ग्रुपचं नाव सांगतो आणि हबवर, म्हणजे मुख्य कार्यालयाच्या टोकाला, त्या टनेलला ठरलेली पॉलिसी आपोआप चिकटते. एवढंच, की एनक्रिप्ट झाल्यावर क्यूओएसने पॅकेटांचा क्रम बदलला तर आयपीसेकचं अँटी-रिप्ले मागे राहिलेली पॅकेटं बनावट समजून टाकतं. किती मागची पॅकेटं चालवून घ्यायची, ती मूळची खिडकी 64 पॅकेटांची आहे, ती 1024 करा. पॉलिसी लावल्यावरच ड्रॉप सुरू झाले आणि पॉलिसी-मॅपमध्ये एकही दिसत नसेल, तर शो क्रिप्टो आयपीसेक एसए डीटेलमध्ये रिप्लेचा आकडा बघा.