भिगवणची चिलापी, रश्शाविना

भिगवणला लोक रोहित पक्षी बघायला जातात. आम्हीही गेलो. पक्षी लांब होते, फोटोत गुलाबी ठिपके आले. झालं.

मला लिहायचंय ते जेवणाबद्दल. पुणे-सोलापूर रस्त्यावर उजनीच्या मासळीच्या पाट्यांची नुसती रांग आहे. मरळ मागा, रोहू मागा, चिलापी मागा, ताटात येतो तोच लालभडक तर्रीदार रस्सा. पैसे माशाचे द्यायचे आणि चव कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची घ्यायची! वर वेटिंग.

दुसऱ्या दिवशी कुंभारगावात नावाड्याच्या घरीच जेवण सांगितलं. वहिनी ओट्याशी चिलापी कापत होत्या. पाठीच्या कण्याला लागून सुरी फिरवली, दोन्ही अंगांचे बिनकाट्याचे सपाट तुकडे वेगळे. शहरातल्या दुकानात ह्यालाच फिले म्हणून दुप्पट भाव लावतात. रोहूचे असे का नाही करत, विचारलं. "त्याच्या मासात बारीक काटे ऱ्हातातच की ताई. पोरांना आपली चिलापीच."

तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा घट्ट कोळ. "चिंच नाही लावली तर गाळाचा वास येतोय बघा." हा वास जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा, पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून ते माशात उतरतं आणि आंबटानं मोडतं. वहिनींना नाव कशाला हवंय? दहा मिनिटांनी तुकडे फडक्यानं कोरडे टिपले, ज्वारीच्या पिठात सोलापुरी शेंगाचटणी कालवून त्यात घोळवले आणि तव्यावर थोड्या तेलात टाकले. आच मध्यम, नाहीतर शेंगदाणा करपतो आणि मासा कच्चा राहतो. एका बाजूला तीनेक मिनिटं, उलटायचं एकदाच. वरून कुरकुरीत, आत पांढरीशुभ्र पाकळी सुटत होती. भाकरीबरोबर मी किती खाल्ले ते विचारू नका.

पुण्यात आल्यावर चिलापी घेतली तर किलोमागे जेमतेम तिसरा हिस्सा फिले निघाले, तेव्हा मोठाच मासा घ्या. पुढच्या वेळी मरळ आणली. तिच्यातही बारीक काट्यांची कटकट नाही. अंबाडीची पानं, लसूण आणि हिरवी मिरची वाटून तिला थापली, केळीच्या पानात बांधून वाफवली. बंगाली पातुरीत मोहरी असते, इथे आंबटपणा अंबाडीचा. पानात सुटलेलं पाणी मी भातावर ओतून घेते. नवऱ्याला मात्र शेंगाचटणीवालीच हवी असते, आणि अंबाडी निवडायला तो कधीच घरात नसतो.