तुम्ही विचारलंत म्हणून : शॉर्ट शोधायचा कसा?

माझ्या माडीवर मांडलेली छोटी रेल्वे पाहून झाली की बहुतेक जण खाली वाकून तारांचा गुंता पाहतात आणि विचारतात, "यात शॉर्ट सर्किट झाला तर जागा कशी सापडते?" माझा अनुभव असा की, तो केव्हा होतो याची नोंद आधी करावी; जागा त्यावरून बरीचशी कळते.

एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असते आणि एक रूळ धन, तर दुसरा ऋण असतो. त्यांना जोडणारा विसरलेला स्क्रू ड्रायव्हरही शॉर्ट घडवतो. म्हणून प्रथम सगळी इंजिने आणि डबे उचलावेत. शॉर्ट गेला, तर दोष गाड्यांत असतो. राहिला, तर वीज बंद करून मुख्य तार मध्यावर सोडवावी, मल्टीमीटर (दोन टोकांत विजेचा जोड असला की वाजणारे उपकरण) ज्या बाजूला वाजेल ती बाजू पुन्हा अर्धी करावी. रुळांचे विभाग इन्सुलेटेड जॉइनरने, म्हणजे वीज न वाहणाऱ्या जोडाने, तोडलेले असतील, तर १६ विभागांतूनही चौथ्या फेरीला एकच उरतो.

मला मात्र एका शॉर्टने आठवडाभर दमवले. मे महिन्यात तो दुपारी येई आणि पहाटे मल्टीमीटर गप्प असे. नागपूर स्टेशनजवळचे डायमंड क्रॉसिंग, म्हणजे दोन मार्ग एकमेकांना छेदतात ती जागा, लहानपणापासून पाहत आल्यामुळे तसेच एक मी हाताने बांधले होते. खऱ्या विद्युत गाडीला वीज वरच्या तारेतून मिळते आणि रूळ परतीची वाट देतात. मॉडेलमध्ये मात्र एका मार्गाचा धन रूळ दुसऱ्या मार्गाच्या ऋण रुळाला छेदतो, म्हणून तिथे बारीक करवतीने फटी पाडाव्याच लागतात. या फटी मी डिसेंबरात पाडल्या होत्या आणि मोकळ्याच ठेवल्या होत्या. निकेल-सिल्व्हरचा १ मीटर रूळ २० अंशांच्या फरकाने साधारण ०.३ मिलिमीटर वाढतो, शिवाय आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात खालची लाकडी चौकट वाळून आकसते. दुपारी तीन वाजता भिंगातून पाहिले, तेव्हा एका फटीची दोन्ही टोके एकमेकांना टेकलेली दिसली.

ती फट रुंद करून मी तिच्यात प्लॅस्टिकची चकती एपॉक्सीने बसवली, रुळाच्या आकारात घासली, आणि मग उरलेल्या सगळ्या फटी त्याच उन्हात, त्याच दुपारी तपासल्या.