त्या घोड्याला त्रास होत नव्हता का?

"तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. तुम्ही कशा काय बसलात त्या घोड्यावर? त्याला त्रास होत नव्हता का?"

कॅरिबियनमधल्या ग्रँड टर्क बेटाच्या समुद्रात घोड्याच्या पाठीवर बसलेली मी, हा फोटो ज्यांनी पाहिला त्यांतल्या बहुतेकांनी हे विचारलं. कुणी काळजीने, कुणी चांगलंच रागावून. रागावून विचारणाऱ्यांचं मला जास्त बरं वाटलं. मुक्या जनावराची बाजू घेणारं कुणीतरी हवंच. आता आमच्या ओळखीतल्या एक बाई लेकीकडे फ्लोरिडाला गेल्या आहेत आणि तिथून त्याच बाजूच्या क्रूझवर निघाल्या आहेत. त्यांचाही हाच प्रश्न आला, तेव्हा म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

मी बसले त्या घोड्याला त्रास होत नव्हता. हे मी बसण्याआधी पाहून घेतलं होतं. आणि जे पाहिलं ते कुणालाही पाहता येतं, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

माझी सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात झाली. काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं, पण नेरळच्या बाजूला होते तेव्हा माथेरानची घोडी नेहमी पाहण्यात येत. माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे तिथला घोडा पर्यटकही वाहतो आणि सामानही. पाठीला जखम झालेलं घोडं आणलं की मी मलम द्यायची, आठ दिवस खोगीर घालू नका म्हणायची. मालक मान हलवायचा. पण जखमा होतात त्या नेमक्या हंगामात, आणि पैसे मिळतात तेही हंगामातच. मे महिन्यात घोडं आठ दिवस बांधून ठेवायचं तर त्याची चंदी कुठून आणायची आणि घरच्यांनी काय खायचं? तो निर्दय नव्हता. म्हणून पर्यटकांना घेऊन चालणारं घोडं दिसलं की मला आधी त्याचा हंगाम आठवतो. कॅरिबियनमध्ये हा हंगाम बोटींच्या वेळापत्रकावर चालतो. धक्क्याला बोट लागली की त्या दिवशी सगळी घोडी बाहेर.

ग्रँड टर्क हे टर्क्स अँड केकोस द्वीपसमूहातलं बेट, ब्रिटनच्या अखत्यारीतलं. लांबी सुमारे 11 किलोमीटर, रुंदी दोन-अडीच. क्रूझचा धक्का 2006 साली दक्षिण टोकाला बांधला गेला, आणि मोठी बोट लागली की बेटावरच्या सगळ्या वस्तीइतकी माणसं एका सकाळी खाली उतरतात. बहुतेक जण धक्क्यासमोरच्या पोहण्याच्या तलावाशीच थांबतात. आम्ही गावाच्या दिशेने निघालो, आणि कोबर्न टाउन या तिथल्या गावाच्या मागे मी गाडीतून जे पाहिलं त्याने माझ्या घशात आवंढा आला. मिठागरं! उथळ, चौकोनी, पडक्या दगडी बांधांची, गुलाबीसर पाण्याची मिठागरं, कडेला पांढरी खार चढलेली.

माझं माहेर उरणचं. आजोबा मिठागरात मीठ ओढायचे. भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं, उन्हाने आटवायचं, एका खणातून दुसऱ्या खणात न्यायचं आणि शेवटच्या खणात तळाशी मीठ धरलं की ओढून ढीग लावायचे, हे मी लहानपणी रोज पाहिलेलं काम. इथेही अगदी तेच, फक्त पाणी चढवायला पवनचक्क्या लावलेल्या. बर्म्युडाचे लोक सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथे मिठासाठी येऊ लागले. पाऊस नको म्हणून त्यांनी बेटावरची झाडं तोडली असं तिथे सांगतात. बेट आजही उघडंबोडकं आणि खुरटं आहे. मीठ काढायला गुलाम आणले. मेरी प्रिन्स ही त्यांतली एक. तिची हकिकत 1831 साली लंडनमध्ये छापली गेली. पहाटे चारपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहावं लागे, पाय फोडांनी भरून जात आणि काहींचे फोड हाडापर्यंत खात जात, असं तिने सांगितलं आहे. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी 1834 साली कायद्याने संपली, मिठाचा धंदा मात्र 1960 च्या दशकापर्यंत चालला. तो बंद पडल्यावर मिठाच्या गाड्या ओढणारी गाढवं मोकळी सुटली. त्यांची पिढी आज गावात रस्तोरस्ती फिरते, अधूनमधून मोकळी घोडीही दिसतात.

आजोबा कुणाचे गुलाम नव्हते, मेरी प्रिन्सच्या दुःखाशी त्यांच्या कष्टांची तुलना मी करणार नाही. पण मीठ कातडीला काय करतं हे मी त्यांच्या पायांवर पाहिलं आहे. खाऱ्या पाण्यात काम करून आले की आजी ओसरीवर गोड्या पाण्याची बादली घेऊन उभी असायची. आधी पाय धुवायचे, मग घरात. ज्या दिवशी ते राहून जाई त्या रात्री चिरांची आग होऊन त्यांना झोप लागत नसे. घोड्याचं हेच तर सांगायचं आहे.

लोकांना वाटतं, घोड्याला समुद्रात नेतात हाच छळ. तसं नाही. घोडा जातीचाच पोहणारा. त्याचं शरीर पाण्यात तरंगतं, पायांवरचा भार उतरतो, पाठीवरच्या माणसाचं वजनही पाणी बरंचसं उचलून धरतं. शर्यतीच्या घोड्यांना मुद्दाम पोहायला लावतात ते याचसाठी. सांध्यांवर आदळआपट न होता छाती आणि स्नायू कमावले जातात. पण हे काम हलकं नव्हे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. पोहताना पाण्याचा दाब छातीवर येतो, नाकपुड्या पाण्याच्या वर राखायच्या असतात, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर जातात. एरवी उभ्या घोड्याचे ठोके तीस-चाळीस असतात, यावरून अंदाज करा. म्हणून खरं पोहणं काही मिनिटांचंच असावं, बाकी वेळ छातीभर पाण्यात चालणं. आमच्या सहलीत ते तसंच होतं.

खरा त्रास पाण्याबाहेर आल्यावर सुरू होऊ शकतो. अंगावरचं खारं पाणी वाळतं, केसांच्या मुळाशी मिठाचे कण राहतात. त्यावर पुढच्या फेरीसाठी पुन्हा खोगीर चढवलं आणि तंग आवळला की तो पट्टा कातडीवर काचपेपरासारखा घासतो. प्रत्येक फेरीनंतर घोडा गोड्या पाण्याने नीट धुतला, विशेषतः तंगाखाली आणि पाठीवर, तर काही होत नाही. पण ग्रँड टर्कला नदी नाही, ओढा नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत उतरवून जपून वापरायची तिथली जुनी रीत. अशा बेटावर रोज इतकी घोडी धुवायची म्हणजे गोडं पाणी हाच मोठा खर्च, आणि खर्च कमी करायचा झाला की पहिली काटकसर तिथेच होते. जाहिरातीतल्या निळ्या समुद्राच्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

पागेत पोहोचलो तेव्हा घोडी सावलीत ओळीने उभी होती. पाण्याचे पिंप भरलेले, आणि पाणी स्वच्छ. सगळे जण हेल्मेट आणि जॅकेट चढवत होते तेवढ्यात मी रांगेतून एक फेरी मारली. काय पाहायचं ते सांगते. पुढच्या पायांच्या मागे, तंग बसतो ती जागा. मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा. या दोन ठिकाणी पांढऱ्या केसांचे डाग दिसले तर त्या जुन्या, भरलेल्या जखमा; त्यावरून आजच्या मालकाला दोष देऊ नये. लाल, ओली किंवा केस गेलेली जागा दिसली तर ती आजची. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट व्हावी. तशीच उभी राहिली तर जनावराला पाणी कमी पडतंय. खुरांना चिरा नसाव्यात. आणि तंग आवळताना घोडा कान मागे टाकून चावायला वळला तर त्याला तिथे दुखतंय असं समजावं. लोक त्याला खोडकर म्हणतात.

रांगेतल्या तिसऱ्या घोडीला तंगाखाली लाल ओली जागा होती, रुपयाएवढी. मी घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराला बाजूला बोलावून दाखवली. तरुण मुलगा होता. त्याने वाकून पाहिलं, बोट लावलं, घोडीने पाय आपटला. "बरोबर आहे मॅडम, हिला नको," म्हणाला आणि खोगीर उतरवून तिला मागे घेऊन गेला. वाद नाही, कपाळावर आठी नाही. आमच्यातल्या एकाला पुढच्या फेरीसाठी थांबावं लागलं. माझा त्या पागेवर विश्वास बसला तो याच क्षणी. लहानसहान जखमा सगळ्याच पागांत होतात. दाखवल्यावर माणूस काय करतो ते मी पाहते.

वजनाचंही बोलायला हवं, कारण आपल्याकडे ते विचारणं अपमान समजतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त असू नये, असा मापदंड घोड्यांच्या कामात मानला जातो. 400 किलोच्या घोड्याला 80 किलो. काही सहलींच्या जाहिरातींत 250 पाउंडांपर्यंतची माणसं चालतील असं लिहिलेलं असतं, म्हणजे 113 किलो. त्यात खोगीर मिळवलं तर सव्वासहाशे किलोचा घोडा लागेल, आणि तसे घोडे मला त्या रांगेत एकही दिसले नाहीत. माझा मुलगा 95 किलोचा. त्याला मी बसू दिलं नाही. तो आमच्या शेजारून पाण्यातून चालत आला, आणि फोटोही त्यानेच काढले.

आणि मग तो पोहण्याचा भाग. किनाऱ्यावर खोगीर उतरवलं, पाठीवर नुसती जाड गादी ठेवली. मोतद्दाराने एवढंच सांगितलं की लगाम सैल सोडा आणि आयाळ धरा. लगाम ओढला तर घोड्याचं डोकं वर जातं, मागचा भाग बुडतो आणि तो घाबरतो. घसरलात तर बाजूला व्हा, त्याच्या पायांजवळ किंवा समोर जाऊ नका. पाणी पोटाला लागलं, खोगिराच्या जागेपर्यंत आलं, आणि एकदम टापांचा धक्का थांबला. माझ्या मांड्यांमध्ये ते सगळं अंग लांबट लयीत हलायला लागलं. फुर्र फुर्र करत तो नाकाने श्वास सोडत होता, कान पुढे रोखलेले. आयुष्यभर जनावरांच्या अंगाला हात लावला, सुया टोचल्या, हात घालून अडलेली वासरं बाहेर काढली. पण जनावराची ताकद अशी सगळ्या अंगाने मला पहिल्यांदाच जाणवली. मी रडले. आनंदाने. ते सांगायला मला संकोच नाही.

घोडा मूळचा अमेरिका खंडातला, आणि तिथूनच सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत जहाजांत घालून तो पुन्हा त्या बाजूला, कॅरिबियनमध्ये आणला. हे मला आधीपासून माहीत होतं, पण त्या पाण्यात ते वेगळंच वाटलं.

परत आल्यावर मी मुद्दाम रेंगाळले. घोडी धुतात का ते पाहायचं होतं. नळी नव्हती, पिंपातलं पाणी मगाने घेऊन दोघं जण एकेका घोड्याचं पोट आणि पाठ चोळून धूत होते. वेळ लागत होता, गाडीवाला हॉर्न देत होता. मी त्या मुलांना वेगळी बक्षिशी दिली, मोजून, प्रत्येकाच्या हातात. तिथे अमेरिकन डॉलरच चालतात, सुटे जवळ ठेवा.

निघालेल्या बाईंसाठी आता चार व्यवहाराच्या गोष्टी. गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल, कंबरेचं दुखणं असेल तर बसू नका. मांड आवळून धरायला लागते आणि उतरताना सगळा भार एका पायावर येतो. लांब पँट, बंद बूट. बोटीमार्फत सहल घेतली तर उशीर झाल्यास बोट थांबते, स्वतः बाहेरून ठरवली तर थांबत नाही. पण बाहेरच्यांत कधी कधी लहान गट मिळतात आणि घोड्यांवर ताण कमी पडतो. माझ्या मते एका घोड्याला दिवसाकाठी दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या, तेही मध्ये निदान दोन तासांची सावली मिळाली तर. पैसे भरण्याआधी ईमेल करा आणि तीन गोष्टी विचारा: एक घोडा दिवसात किती वेळा पाण्यात जातो, त्याला जास्तीत जास्त किती वजन देता, आणि फेरीनंतर त्याला कशाने धुता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं आलं, पाणी कुठून येतं आणि कोण धुतं इथपर्यंत, तर निश्चिंत जा. मोघम आलं तर ते पैसे टॅक्सीवर घाला, मिठागरं बघा आणि गाढवांच्या मागे दोन तास गावात फिरा.