रायकार्डची चौकट

१७ मे २००६ ची रात्र. कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर मी तेव्हा उपसंपादक होतो. पॅरिसमध्ये बार्सिलोना आणि आर्सेनल यांची चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेची फायनल होती, आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू होणारी. दुसऱ्या कुठल्या गावात असतो, तर एका परदेशी मॅचसाठी पान अडवून ठेवायला कुणी तयार झालं नसतं. पण इथं पेठापेठांत फुटबॉल आहे. शाहू स्टेडियमवर खंडोबा आणि पाटाकडील हे गावातले संघ समोरासमोर आले की निम्मं गाव तिकडं असतं. वृत्तसंपादकांनी दुपारीच सांगून ठेवलं, "जिल्ह्याचं पान एकला सोडा. शहराचं सव्वादोनपर्यंत थांबवतो."

मॅचची बातमी एजन्सीवरून येणार होती. माझ्याकडे होती दोन कॉलमची चौकट, बार्सिलोनाचा कोच फ्रँक रायकार्ड याच्यावर. वेळेवर धावपळ नको म्हणून संध्याकाळीच दोन चौकटी लिहिल्या, एक जिंकल्याची आणि एक हरल्याची.

हरल्याची भराभर झाली. २००० साली हॉलंडचा कोच असताना युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची सेमीफायनल, तीही ॲमस्टरडॅमला, घरच्या मैदानावर. इटलीविरुद्ध मॅचमध्ये दोन पेनल्टी वाया गेल्या, मग शूटआउटमध्ये तीन. त्याच दिवशी रायकार्डनं पद सोडलं. पुढं स्पार्टा रॉटरडॅमला गेला, तर २००२ मध्ये तो क्लब इतिहासात पहिल्यांदाच खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. एवढ्यावर चौकट भरली.

जिंकल्याची मात्र जमेना. सुरुवात केली १९९० च्या वर्ल्डकपपासून, जर्मनीच्या फोलरवर तो थुंकला होता तिथून. वाचून बघितलं आणि खोडलं. त्या गोष्टीची त्यानं नंतर माफी मागितली होती. एका माणसाचं सगळं आयुष्य त्या एका क्षणाला बांधायचं, हे मला बरं वाटेना. मग खेळाडू म्हणून लिहिलं. इटलीतल्या मिलान क्लबमध्ये कोच साक्कीनं त्याला डिफेन्समधून काढून मिडफिल्डमध्ये आणलं. १९९० ची युरोपियन कपची (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) फायनल मिलाननं १-० जिंकली, तो गोल त्याचा. १९९५ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्याच मिलानविरुद्ध हॉलंडच्या आयॅक्स क्लबकडून तीच फायनल खेळला. क्लायव्हर्टच्या एकमेव गोलचा पास त्यानं दिला आणि खेळणं थांबवलं. सगळं खरं, पण त्यात कोच कुठंच नव्हता.

बारा तेहतीसला आर्सेनलचा गोलकीपर लेमन लाल कार्ड घेऊन बाहेर. ऑफिसात कुणीतरी ओरडलं, "संपली मॅच!" वीस मिनिटांत दहा माणसांच्या आर्सेनलनंच गोल केला, कॅम्पबेलच्या हेडरवर. एक वाजला. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, जिल्ह्याचं सोडू का?" मध्यंतराला आर्सेनल १-० पुढे, एवढंच देऊन पान सोडलं. शहराच्या पानावर हरल्याची चौकट लावून ठेवली.

दुसऱ्या हाफला मी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. तिकडं पाऊस सुरू होता. रायकार्ड रेषेजवळ उभा, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मध्यंतरातच त्यानं एडमिल्सनला बसवून इनिएस्टाला आणलं होतं. ६१ व्या मिनिटाला वॅन बॉमेलच्या जागी लार्सन. ७१ व्या मिनिटाला एका राइट बॅकच्या (उजवीकडच्या बचावपटूच्या) जागी दुसरा, ओलेगेरऐवजी बेलेट्टी. एक गोलनं मागं असताना बॅक कशाला, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

७६ व्या मिनिटाला लार्सननं हलकाच स्पर्श करून चेंडू आत सोडला आणि एटोनं गोल केला. चार-पाच मिनिटांत पुन्हा लार्सनचाच पास. या वेळी उजवीकडून आत घुसलेला बेलेट्टी. चेंडू लेमनच्या जागी आलेल्या गोलकीपर आल्मुनियाच्या पायांतून आत गेला. बार्सिलोनात तीन वर्षं काढलेल्या बेलेट्टीचा तो क्लबसाठीचा एकमेव गोल.

दोनला पाच मिनिटं होती. मी ऑपरेटरला म्हणालो, "दोन्ही चौकटी काढ." त्याच्या शेजारी उभं राहून सांगत गेलो, तो टाइप करत गेला. मिलान, आयॅक्स दोन ओळींत. मग १९८७: आयॅक्समध्ये कोच क्रायफशी भांडून मैदानातून निघून गेलेला पोरगा, आणि २००३ मध्ये त्याच क्रायफनं बार्सिलोनासाठी त्याच्याच नावाला दिलेला पाठिंबा. बाकी सगळी जागा तीन बदलांना. शेवटी एक ओळ, खेळाडू आणि कोच म्हणून हा कप जिंकणारा तो पाचवा. तीन ओळी जास्त झाल्या, त्या मधून काढल्या. दोन-बाराला पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गडहिंग्लजहून एका पोराचा फोन आला. "दादा, तुमच्या पेपरात आर्सेनल पुढं हाय. शेवट काय झालं?" रात्री तिकडं लाइट नव्हती. मी शहराची आवृत्ती समोर धरून अख्खी चौकट त्याला फोनवर वाचून दाखवली. तो मधे एक शब्द बोलला नाही.

मग म्हणाला, "लार्सनला कितव्या मिनिटाला उतरवलं म्हणालासा?"

"एकसष्टाव्या."

"म्हंजे पंधरा मिनिटं आधीच," तो म्हणाला.