मीटरमधले विझलेले दिवे

किल्ली ऑन करायची, पण सेल्फ मारायचा नाही, आणि मीटरकडे बघायचं. जुन्या गाडीची याहून सोपी तपासणी नाही. ऑइलचा लाल दिवा, चार्जिंगचा लाल दिवा, हँडब्रेक ओढलेला असेल तर त्याचा, हे सगळे पेटायलाच हवेत. इंजिन सुरू झालं की ऑइलचा आणि चार्जिंगचा आपोआप विझतो, ब्रेक सोडला की तिसरा. किल्ली ऑन करूनही एखादा पेटत नसेल तर बहुतेक वेळा त्याचा बल्ब उडालेला असतो. मग कसारा घाटात ऑइल प्रेशर गेलं तरी तो दिवा काळाच राहणार आणि आपण निवांत गाडी चालवत राहणार. म्हणून मला या किरकोळ वाटणाऱ्या बल्बांची इतकी काळजी वाटते.

आमची मारुती ८०० वडिलांनी १९९८ साली घेतलेली, कार्ब्युरेटरवाली. तिच्या मीटरमध्ये ऑइलचा दिवा शाबूत होता, पण चार्जिंगचा पेटत नव्हता. उजव्या इंडिकेटरचा हिरवा बाण गेला होता आणि रात्री स्पीडोमीटरची डावी बाजू अंधारात असायची. बाणाचं निदान सोपं होतं. बाहेरचे पिवळे दिवे नेहमीच्या लयीत लागत होते. बाहेरचा २१ वॅटचा बल्ब उडाला असता तर फ्लॅशरची टिकटिक एकदम भराभर झाली असती. म्हणजे गेला होता तो आतलाच.

चार्जिंगच्या दिव्याची गोष्ट मात्र वेगळी निघाली. सकाळी गाडी सुरू केली की हेडलाइट मंद असायचे, आणि एकदा अ‍ॅक्सिलरेटर चांगला दाबला की झटकन उजळायचे. मला वाटलं बॅटरी संपत आली. शेजारचे मामा नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकलचं काम करून निवृत्त झालेत. त्यांनी बॅटरीवर मल्टीमीटर लावला. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट. सुरू केल्यावर आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, काटा वाढेचना. रेस दिली आणि १४ च्या जवळ गेला.

"बॅटरी चांगली आहे तुझी," मामा म्हणाले. "आधी मीटरमधला चार्जिंगचा बल्ब बदल. अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्याच बल्बातून जातो."

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाने फिरणारं, बॅटरी चार्ज करणारं जनित्र. अनेक जुन्या गाड्यांचं वायरिंग असंच असतं. किल्ली ऑन केली की बॅटरीतला थोडा करंट या बल्बातून अल्टरनेटरच्या फिरत्या कॉइलला मिळतो, तिथे चुंबकत्व तयार होतं आणि मग वीज निर्माण व्हायला लागते. एकदा ती सुरू झाली की बल्बाच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो, म्हणून दिवा विझतो. बल्बच उडालेला असेल तर ती पहिली चालना मिळत नाही. मग अल्टरनेटर स्वतःत उरलेल्या चुंबकत्वावर, जोरात फिरल्यावरच कसाबसा उठतो. काही गाड्यांत बल्बाला समांतर रेझिस्टर दिलेला असतो, म्हणजे करंटला दुसरी वाट, त्यांना हा त्रास होत नाही.

बल्ब नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाले. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, एलईडीच टाका ना, परत उडणार नाहीत." स्पीडोमीटरच्या उजेडापुरतं ते चाललंही असतं, फक्त एलईडीला उलट-सुलट बाजू असते, पेटला नाही तर फिरवून लावायचा. पण चार्जिंगच्या जागी साधा एलईडी नको. तो इतका कमी करंट घेतो की अल्टरनेटर पुन्हा झोपलेलाच राहायचा. मी सगळे साधे फिलामेंटचेच घेतले, जुन्या बल्बवर छापलेला वॅट जुळवून. उजेड जास्त पडावा म्हणून मोठ्या वॅटचा टाकू नये, त्याच्या उष्णतेने प्लास्टिकचा होल्डर वितळतो. रंगीत बल्बही शोधू नयेत. लाल-हिरवा रंग डायलच्या पट्टीचा असतो, चेतावणीच्या दिव्यांचे बल्ब पांढरेच असतात.

काम रविवारी पार्किंगमध्ये केलं. आधी दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली. मीटरभोवतीच्या कव्हरचे स्क्रू, मग मीटरचे स्क्रू. जुनं प्लास्टिक चिवट राहिलेलं नसतं, त्यामुळे ओढाओढ न करता हलवत हलवत सोडवलं. मागे हात घालून स्पीडो केबलचं लॉक दाबलं, केबल सुटली, आणि मीटर पुढे आलं. नव्या गाड्यांत एअरबॅग असते, तिथे हे धाडस कारागिराकडेच सोपवावं.

मीटरच्या पाठीमागे बघण्यासारखं असतं. वायरींचं जंजाळ नाहीच, एक पातळ प्लास्टिकचा पडदा आणि त्यावर तांब्याच्या पट्ट्या. प्रत्येक होल्डर त्या पट्ट्यांना टेकलेला. होल्डर थोडा फिरवला की खटकन निघतो, बल्ब सरळ ओढला की हातात येतो. चार्जिंगचा बल्ब उजेडात धरला तर काचेला आतून काळा थर आलेला आणि फिलामेंटचं एक टोक लोंबतंय. स्पीडोमीटरचा बल्ब मात्र धडधाकट होता. तिथे तांब्यावर हिरवट थर चढला होता, करंटच पोचत नव्हता. मुलीच्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन पट्टी हलक्या हाताने घासली, तांबं पुन्हा चमकायला लागलं. पॉलिश पेपर वापरू नये, ती पट्टी कागदासारखी पातळ असते. तिथला बल्बही बदललाच, मीटर पुन्हा उघडायला कोण बसतं?

मीटर परत बसवण्याआधी नुसता प्लग जोडून, बॅटरी लावून किल्ली ऑन केली. चार्जिंगचा दिवा पेटला. इंडिकेटर दोन्ही बाजूंना देऊन बघितला, पार्किंग लाइट लावून डायल बघितली. गाडी सुरू केल्यावर आयडलिंगलाच मल्टीमीटर १३.९ दाखवायला लागला आणि मामांनी मान डोलावली. मग केबल, स्क्रू, कव्हर. गंगापूर रोडला एक चक्कर मारून स्पीडोचा काटा नीट हलतोय ना तेवढं पाहिलं, कारण केबल पूर्ण बसली नाही तर तो शून्यावरच राहतो. हीटरच्या लिव्हरमागचा बल्ब अजून बंद आहे, त्याला वेगळं पॅनल काढावं लागतं. त्याच मापाचा एक जास्तीचा बल्ब आणून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला आहे.