नागपूरच्या गच्चीवरची उन्हाळी बाग : माझा अनुभव

नागपूरच्या उन्हात गच्चीवर भाजी येते का, असं मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. येते. भेंडी, गवार, ढेमसं, दोडकं, चवळी, लाल माठ, पुदिना, सगळं येतं आणि वर मोगराही फुलतो. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की 25 मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. तोवर ज्या झाडाची मुळं कुंडीभर पसरली नाहीत, ते टिकत नाही. म्हणून संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की मी बागेच्या मागे लागते. उन्हाळी बाग माघात लावायची असते, हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

आधी माती. इथली काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत एकटी चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की तडकते आणि त्या भेगांमध्ये नाजूक मुळं तुटतात. शिवाय गच्चीला वजन झेपायला हवं. मी एक भाग काळी माती, एक भाग शेणखत आणि एक भाग कोकोपीट व वाळलेला पाचोळा घेते. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. कच्चं शेण कुंडीत तापतं आणि त्यातून हुमणीच्या अळ्या येतात. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड घालते. जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेने मांडते.

उन्हाळ्यात झाड पानांपेक्षा मुळांकडून जास्त मरतं. तापलेल्या स्लॅबवर टेकलेली काळी ग्रो बॅग दुपारी आतून भाजून निघते, मग वरून कितीही पाणी घाला. त्यामुळे सगळ्या बॅगा विटांवर ठेवते, खालून हवा खेळली पाहिजे. पश्चिमेकडच्या रांगेला पोत्याचं बारदान गुंडाळते. 50 टक्के सावलीची हिरवी नेट डोक्याच्या बरीच वर बांधते, म्हणजे गरम हवा खाली कोंडत नाही. पश्चिमेच्या बाजूला ती पडद्यासारखी खालपर्यंत सोडायची, कारण दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन छतावरच्या नेटला जुमानत नाही. सकाळचं ऊन मात्र झाडांना भरपूर मिळू द्यायचं.

आच्छादनाची सोय नागपुरात घरोघरी आहे. दर उन्हाळ्याआधी कूलरच्या ताट्या बदलतो ना, त्या जुन्या ताट्यांमधला लाकडी भुसा मी झटकून, दोनदा पाण्यातून काढून वाळवते आणि कुंडीत चांगला जाड पसरते. धुणं टाळू नका, त्यावर क्षाराची पांढरी पुटं असतात. याच कारणाने कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मी झाडांना घालत नाही. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच साचत राहतो, मग पानांच्या कडा करपतात. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार नसतो.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून सकाळी टोकते. मी ‘परभणी क्रांती’ लावते, शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला तोंड देण्यासाठीच ते वाण काढलेलं आहे. गवारीत ‘पुसा नवबहार’ बरी, ती उभी वाढते आणि जागा कमी लागते. ढेमशाला आणि दोडक्याला मोठी बॅग हवी. टोमॅटो मी लावते, पण एप्रिलनंतर त्याच्याकडून अपेक्षा ठेवत नाही. रात्रीही हवा तापलेली राहिली की त्याची फुलं गळतात, त्याला खत घालून उपयोग होत नाही. आमच्या सासूबाई वर्धेकडच्या. त्यांनी पहिल्याच वर्षी मला सांगितलं, “उन्हाळ्यात सांभाराच्या नादी लागू नको बाई, तो तुऱ्यावर जाते. पुदिना लाव.” सांभार म्हणजे कोथिंबीर. तेव्हापासून पुदिना पाण्याच्या टाकीच्या सावलीत, त्याच्या शेजारी पानांचा ओवा आणि गवती चहा. कढीपत्ता उन्हातही मजेत असतो.

फुलं मला भाजीइतकीच महत्त्वाची वाटतात. सब्जा, झिनिया आणि गलांडा मी भाजीच्या कुंड्यांमध्ये मुद्दाम पेरते. सब्जाच्या तुऱ्यांवर मधमाश्या दिवसभर असतात आणि तुरे वाळले की सरबतासाठी बी घरचं होतं. तरीही दोडक्याचं काम माश्यांवर सोडून चालत नाही. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्या वेळी माश्या घरी गेलेल्या असतात. मग मी नरफूल तोडते, पाकळ्या मागे वळवते आणि परागकण मादीफुलाला हलकेच लावते. मादीफूल ओळखायला सोपं, फुलाखाली इवलंसं दोडकं असतंच. ढेमशाचं हेच काम सकाळी करायचं.

मोगऱ्याची तयारी जानेवारीत. काही दिवस पाणी तोडायचं, मग छाटणी करायची, उरलेली जुनी पानं काढायची आणि माती उकरून शेणखत द्यायचं. त्याला नेटच्या बाहेर, उन्हात ठेवते. ऊन नसेल तर मोगरा नुसता पानांनीच भरतो. मार्चपासून कळ्या धरतात आणि घरातल्या माठात रोज ताजी फुलं पडतात. एवढ्यासाठीसुद्धा हा सगळा खटाटोप करावा.

पाणी मी सूर्य वर येण्याआधी देते आणि मे महिन्यात संध्याकाळीही. संध्याकाळी पाइपातलं पहिलं पाणी बादलीत सोडायचं, ते हात पोळेल इतकं तापलेलं असतं. मोठ्या बॅगांमध्ये न रंगवलेली छोटी मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. ती भरून झाकण ठेवलं की पाणी हळूहळू पाझरत राहतं. गावाला जायचं असेल तर याहून चांगली सोय मला माहीत नाही.

कोरड्या गरम हवेत लाल कोळी ही बारीक कीड हमखास येते. पानावर बारीक पांढरे ठिपके आणि खाली जाळी दिसली की आधी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारते. पुष्कळदा तेवढं पुरतं. नाहीच पुरलं तर 50 ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवते, गाळून त्याचं एक लिटर द्रावण करते आणि उन्हं उतरल्यावर फवारते. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

मृगाचा पाऊस झाला की नेट उतरवते. गवारीची झाडं उपटत नाही, बुडाशी कापते, मुळांवरच्या गाठींमधला नत्र मातीलाच मिळू दे. भेंडीच्या निरोगी झाडावरच्या काही शेंगा तशाच वाळू देते आणि बी राखेत घोळून डब्यात भरते. बी धरायचं तर वाण सरळ हवं, संकरित भेंडीचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही. आणि रिकाम्या झालेल्या त्या बॅगांमध्ये वांगी-मिरचीची रोपं लागतात.